झाकणाच्या दोन खिट्ट्या

रिजलँड, दक्षिण कॅरोलिना
९ मार्च

कोरीन,

तुझं कार्ड मिळालं. टपालवाली दारात येऊन म्हणाली, "मिस हॅटी, ओहायोचा शिक्का आहे बरं का," आणि तिथेच खांबासारखी उभी राहिली. मी तिच्यासमोर मुळीच फोडलं नाही. मागच्या व्हरांड्यात झोपाळ्यावर बसले, चष्मा पुसला आणि मग फोडलं. पहिलेच शब्द, 'मिसेस सॉल्स'. अगं, सात वर्षं या घरात 'ममा हॅटी, ममा हॅटी' करत फिरायचीस! पण असू दे. चार वर्षांनी तुझं अक्षर दिसलं, मला तेवढं पुरे. फोन नंबर दिला नाहीस, पत्ता मात्र दिलास. म्हणजे पत्राला तुझी हरकत नसावी, असं मी धरून चालते.

विचारलंस एवढंच की विनी सप्टेंबरात दहा वर्षांची होईल, तिला कॉर्न स्नेक हवाय, तर पहिला साप कसा निवडावा. हे वाचून मी इतकी हसले की कोंबड्या पळाल्या. लग्न ठरल्यावर लाइल तुला पहिल्यांदा इथे घेऊन आला, तेव्हा माझ्या पिल्लांच्या खोलीत तू खुर्चीवर चढून उभी राहिली होतीस आणि म्हणाली होतीस, "मला वाटलं तुझी आई कोंबड्या पाळते!" आणि आता तूच पोरीसाठी साप घेणार! रक्तातच आहे तिच्या. बापाचं, म्हणजे.

तर ऐक. तीस वर्षं या सापांची पिल्लं वाढवून विकतेय, त्यातलं खरं तेच सांगते. रंगावर जाऊ नकोस. आधी विक्रेत्याला म्हण, "माझ्यासमोर याला खायला घाला." उंदराचं गोठवलेलं पिल्लू कोमट करून चिमट्यानं पुढे धरायचं. झडप घालून गिळणारं पिल्लू चांगलं. तोंड फिरवणारं कितीही देखणं असो, दया दाखवून घेऊ नकोस. पहिल्याच खेपेला उपाशी पिल्लू पोरीच्या हातात मेलं तर ती ते जन्मभर विसरणार नाही. दुसरं, त्याला हातात घे. (तू नाही, विनीनं. तू खुर्चीवर चढ.) बोटांभोवती सावकाश फिरत राहिलं पाहिजे. अंग भरलेलं हवं, पाठीचा कणा वर आलेला नको. आणि पेटी आधी आणून ठेव. एका कोपऱ्यात ऊब, दुसऱ्यात गारवा, लपायला दोन जागा, प्यायला पाणी. झाकण मात्र पक्कं हवं. हे साप फटीतून निसटण्यात पटाईत असतात.

माझ्याकडूनच घे असं मी म्हणत नाही. तुमच्या बाजूलाही चांगली माणसं असतील. मी काही मागत नाही.

विनीचे पुढचे दात आता आले असतील.

हॅटी सॉल्स


२ एप्रिल

कोरीन,

विनीचं चित्र पोचलं. फ्रिजवर लावलंय. एझ्रा डूपॉन रोज सकाळी कॉफीला येतो तसा आला आणि चित्र बघून म्हणाला, "पोरीनं सापाला पापण्या काढल्यात गं." मी म्हटलं, "तुला तरी कुठे कळायचं, तू तर चर्चमध्ये डोळे मिटूनच बसतोस." पण विनीला सांग, सापाला पापण्या नसतात. उघड्या डोळ्यांनी झोपतो तो.

तिला तो बर्फासारखा पांढरा हवाय म्हणतेस. छान असतो. पण रंगांचं हे प्रकरण एकदा समजून घे, म्हणजे कुणी फसवणार नाही. आमच्या रानातला मूळ साप नारिंगी. पाठीवर लालभडक ठिपक्यांची रांग, प्रत्येक ठिपक्याला काळ्या शाईनं काढल्यासारखी कड, आणि पोटाखाली बुद्धिबळाचा काळापांढरा पट. आमच्याकडच्या जुन्या माणसांना दुसरा रंग चालतच नाही. एझ्रा बाकीच्यांना 'लॉलीपॉप' म्हणतो. आता या सापातून काळा रंग काढून टाक. उरतो लाल, नारिंगी आणि पांढरा, डोळेसुद्धा लाल. काळ्याऐवजी लाल काढून टाकलास तर उरतो राखाडी. दोन्ही काढलेस की विनीचा पांढरा. तोही जन्मतः गुलाबीसर असतो आणि मोठेपणी गळ्याशी पिवळा पडतो. फोटोत दिवे लावून जे दाखवतात ते घरी येऊन टिकत नाही.

पिल्लू लहानपणी दिसतं तसं राहत नाही हे तर पक्कं लक्षात ठेव. एझ्रानं बायकोसाठी एक राखाडी पिल्लू आणलं होतं, तिला भडक रंग आवडत नाहीत म्हणून. दोन वर्षांत ते मोहरीच्या फुलासारखं पिवळंधमक झालं. ती म्हणाली, "काही नवल नाही. तुलाही मी असंच बघून घेतलं होतं."

आणि एक गोष्ट विनीला गंमत म्हणून सांग. लाल साप आणि रानातला साधा साप यांची जोडी लावली तर सगळी पिल्लं साधी निघतात. बापाचा रंग गेला कुठे? कुठेच नाही. आत असतो. पुढे अशाच दोन पिल्लांची जोडी जमली तर नातवंडांत एखादं लाल निघतं. रंग आईकडून आणि बापाकडून, दोघांकडूनही यावा लागतो. एकाकडूनच आला तर गप्प बसून राहतो.

ती उंच झालीय का गं? लाइल तिच्या वयाचा असताना दाराच्या चौकटीवर मी खुणा करायचे. विनीच्याही आहेत तिथे, सहा वर्षांपर्यंतच्या. रंग मारताना मी तेवढी पट्टी सोडली.

हॅटी


११ मे

कोरीन,

आज एक झालंय ते सांगायलाच हवं.

तुला आमचे पत्रे आठवतात ना? रानाच्या कडेला टाकलेले जुने, गंजलेले छपराचे पत्रे. वसंतात सकाळच्या उन्हानं तापले की खाली साप येऊन बसतात. ज्याचा पत्रा त्यानंच उचलायचा, दुसऱ्याच्या पत्र्याला हात लावायचा नाही, आणि उचललेला होता तसाच परत ठेवायचा. लाइलचा पत्रा टर्पेंटाइनच्या पडक्या शेडमागे आहे. लाइल ट्रकच्या अपघातात गेला तेव्हापासून तो पत्रा कुणी उचललेला नाही. एझ्रा तिथून जाताना टोपी काढतो आणि पुढे जातो. मी तर त्या वाटेनंच जात नव्हते.

परवा एझ्रा म्हणाला, "हॅटी, नात साप मागतेय आणि बापाचा पत्रा तसाच पडून आहे. उचल की."

"तू उचल."

"माझा आहे का तो? मी नाही उचलायचा."

मग आज गेले. एझ्रा मागे काठी घेऊन, मी पुढे. पाइनच्या सुयांनी पत्रा अर्धा झाकून गेला होता. हात लावला आणि मला रडू फुटलं बघ, अगदी हमसून. एझ्रा बिचारा दुसरीकडे तोंड करून पाखरं बघत बसला. मग डोळे पुसले आणि उचलला.

खाली एक मादी होती. अशी मादी मी कित्येक वर्षांत पाहिली नाही. शेंदरी अंग, काळ्या कडा अगदी ठसठशीत, आणि पोट अंड्यांनी गच्च. पळाली नाही. जीभ काढून आमच्याकडे बघत राहिली. एझ्रा म्हणाला, "देवा रे! ही तर स्वतःच्या घरात बसलेल्या बाईसारखी बसलीय."

तिला अंडी घालेपर्यंत घरी आणलीय. अंडी घातली, दोनचार वेळा पोटभर जेवली की परत तिथेच सोडीन. पिल्लं ऑगस्टमध्ये निघतील. साधी असतील, विनीला हवा तसा पांढरा त्यात नसणार. पण तिच्या बापाच्या पत्र्याखालची आहेत, म्हणून कळवलं. घ्यायचं की नाही ते तुम्ही दोघी ठरवा.

हॅटी


१९ जून

कोरीन,

अंडी घातली. पांढरी, चिवट, एकमेकांना चिकटलेली, ओलसर शेवाळात निजवून ठेवलीयत.

तुझं पत्र तीनदा वाचलं. विनी विचारते, 'बाबांच्या डीकनचं काय झालं', आणि तू तिला सांगितलंस की तो पेटीतून पळून गेला. मलाही तेच सांगायला सांगतेस.

सांगीन. तू म्हणशील तेच सांगीन. पण आपल्या दोघींत हे एक ढोंग आता नको. मी म्हातारी होत चाललेय.

कोरीन, पळालेला साप मागे वळून झाकणाच्या खिट्ट्या लावत नाही.

लाइल गेल्यावर त्या सकाळी मी खोलीत गेले तेव्हा डीकनची पेटी रिकामी होती आणि झाकणाच्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या घट्ट लावलेल्या होत्या. तू नीटनेटकी बाई. दुःखातसुद्धा झाकण उघडं टाकवलं नाही तुझ्यानं. एझ्रा यायच्या आत मी त्या खिट्ट्या काढून ठेवल्या आणि त्याला म्हटलं, "बघ, मीच लावायला विसरले वाटतं." तो दिवसभर माझ्या घरातलं फर्निचर हलवून साप शोधत होता. मी त्याला लिंबाचं सरबत करून देत होते.

राग आला होता का? आला होता. एक आठवडाभर. रानात सोडायचा तो साप नव्हता. लालभडक, लपायला जागा नाही, पहिलाच ससाणा उचलून नेईल असं मला वाटलं. लाइलनं त्याला अंड्यातून वाढवलं होतं, जेवला की चर्चमधल्या पदाधिकाऱ्यासारखा उघड्या डोळ्यांनी झोपतो म्हणून 'डीकन' नाव ठेवलं होतं. पण त्या आठवड्यात तू स्वयंपाकघरात लाइलचा शर्ट घालून ग्रिट्सची, मक्याची लापशी ढवळत उभी असायचीस आणि खाली सगळं करपून जायचं. तुला काय बोलणार मी? वाटलं, स्वतःहून सांगेल कधीतरी. तेवढ्यात तू विनीला घेऊन निघून गेलीस.

म्हणून गेलीस का गं? एका सापासाठी? मला वाटत होतं की तुला मी नको आहे.

मला तू हवी आहेस. हे मार्चमध्येच लिहायला हवं होतं. "मी काही मागत नाही" असं लिहिलं होतं ते खोटं होतं. मला तू आणि विनी, दोघी हव्या आहात.

हॅटी


१४ ऑगस्ट

कोरीन,

जून संपला, जुलै संपला, तुझं काही आलं नाही. टपालवाली आता माझ्याकडे न बघता कोंबड्यांशी बोलते. मला वाटलं, गेलं. लिहून बसले आणि हातातलं होतं तेही घालवलं. एझ्रा म्हणाला, "तुझी जीभ गप्प बसली तर तुझी लेखणी बसत नाही." त्याला मी दोन दिवस कॉफी दिली नाही.

तू उत्तर दे, देऊ नकोस, पण हे तुला कळलंच पाहिजे. म्हणून घाईत लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

काल सकाळी अंड्यांना चिरा पडल्या. पिल्लू लगेच बाहेर येत नाही. नुसतं नाक काढून तासन्‌तास बघत बसतं, यावं की न यावं म्हणून. पहिलं निघालं, साधं. दुसरं, तिसरं, साधंच. मी पाव आणि चीज घेऊन तिथेच बसले होते. मग कडेच्या अंड्यातून एक नाक आलं. गुलाबी. मी म्हटलं, ओलं आहे म्हणून तसं दिसत असेल. मग डोळा दिसला, लाल.

कोरीन, तीन निघाली तशी. लाल, नारिंगी, पांढरी. काळ्या रेघेचा मागमूस नाही. रानातल्या मादीच्या पोटी!

एझ्राला बोलावलं. तो म्हणाला, "कुणाचातरी दुसऱ्याचा पळालेला असेल." मी म्हटलं, मान बघ. डीकनच्या मानेवरचे पहिले दोन ठिपके एकमेकांना जोडलेले होते, मध्ये बारीक पूल असल्यासारखे. लाइल सगळ्यांना दाखवायचा. या तिघांच्या मानेवरही तोच पूल आहे, आणि साध्या पिल्लांतल्या बऱ्याच जणांच्याही. एझ्रा बराच वेळ चष्म्यातून बघत राहिला. मग त्यानं टोपी काढली.

मी तुला लिहिलं होतं ना, रंग आईकडून आणि बापाकडून, दोघांकडूनही यावा लागतो. ही मादी डीकनची लेक असली पाहिजे. आणि तिचा नर एक तर डीकनचाच लेक, नाही तर डीकन स्वतः. म्हणजे त्याला ससाण्यानं नेलं नाही गं. तू सोडलास तो जगला. त्याला जोडीदारीण मिळाली, पिल्लं झाली, आणि त्याची लेक इतक्या मोठ्या रानात येऊन बसली ती लाइलच्याच पत्र्याखाली.

तू त्याला मारलं नाहीस. चार वर्षं तसं वाटत असेल तुला, तर आता ते खाली ठेव.

हॅटी


१ सप्टेंबर

कोरीन,

फोन नंबर मिळाला. मी लावला होता, पण तुझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला. तो फोन माझाच होता.

तुझं पत्र उशाशी आहे. तू लिहितेस, संध्याकाळ झाली की डीकन काचेशी येऊन उभा राहायचा, लाइलच्या ट्रकचा आवाज यायच्या वेळेला, आणि तुला ते बघवत नव्हतं, म्हणून त्याला सोडलंस. अगं, हे साप संध्याकाळी तसेही बाहेर येतात. ट्रकचं त्यांना काय! मला हे तीस वर्षं माहीत आहे. पण खरं सांगू? मलाही बघवत नव्हतं. त्या वेळी मी मुद्दाम कोंबड्यांचं खुराडं साफ करायला जायचे.

वाढदिवसाला येताय ना, मग नीट या. लाल दिव्याच्या पेट्रोल पंपानंतरचा पूल दुरुस्तीत आहे, वळसा घालून या. कोळंबी आणून ठेवते. विनीला शेंगदाणे उकडलेलेच आवडतात ना अजून? पिल्लं सगळी एकदा कात टाकून जेवायला लागलीयत, फक्त एक लाल पिल्लू तोंड फिरवतं. त्याच्या डोळ्यांत बघून विनी विरघळेल, तेव्हा तू खमकी राहा.

तुझी खुर्ची पुसून ठेवलीय, चढायला.

हॅटी


१२ ऑक्टोबर

कोरीन पोरी,

आधी तुझ्या घाबरण्याचं बघू. पिल्लाचे डोळे निळसर, दुधासारखे झालेत, जेवत नाही, आंधळं होतंय का म्हणून विचारतेस. काही होत नाहीये. कात टाकणार आहे. हात लावू नकोस, खायला घालू नकोस, पाण्याचं भांडं भरून ठेव. आठवडाभरात मोज्यासारखी कात सोडेल आणि नवीन होऊन जेवायला मागेल. आणि फोन करायचास गं, पत्र कशाला लिहिलंस? नाही, लिहिलंस ते बरं केलंस.

तुम्ही गेल्यापासून एझ्रा एकच गोष्ट सगळ्या गावाला सांगत सुटलाय. मी तिन्ही लाल पिल्लं टेबलावर मांडली, विनीनं तिघांना हातात घेतलं, आणि मग म्हणाली, "ती साधी बघू." मी म्हटलं, "अगं, बाबांच्या डीकनचा रंग हवा ना तुला?" तर त्यातली एक हातात घेऊन म्हणते, "लाल तर कुणीही ओळखेल, आजी. हिच्या आत असेल तर फक्त आपल्यालाच माहीत." मी तिला खरं ते सांगितलं. बाप डीकन स्वतः असला तर सगळ्या साध्या पिल्लांच्या आत तो रंग असतो, डीकनचा लेक असला तर तिघांतल्या दोघांच्याच, तिसऱ्याच्या नसतो, आणि बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही. मोठी करून लालाशी जोडी लावली तरच कळतं. त्यावर तिनं विचारलं, "लाल कुणाकडे राहणार?" म्हटलं, "माझ्याकडे." तर म्हणाली, "मग हिला तीन वर्षांनी इथेच आणावं लागेल." आणि उकडलेला शेंगदाणा तोंडात टाकला. व्यवहार पक्का! तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतीस, पण तू डोळे पुसलेस ते मला दिसलं.

ते न खाणारं लाल पिल्लू मात्र खायला लागलं. एझ्रानं स्वतःच्या हातानं भरवलं आणि आता ते त्याचं आहे म्हणतो. लॉलीपॉप म्हणणारा माणूस! नाव 'डीकन धाकटा' ठेवलंय.

मादीला मी लाइलच्या पत्र्याखाली सोडून आले. पत्रा होता तसा ठेवला. आमच्याकडे माणूस गेला की पत्रा त्याच्या पोराकडे जातो, हे तुला ठाऊक आहे. चार वर्षं मी तो नुसता सांभाळत होते. येत्या मार्चमध्ये ऊन चढलं की विनीनं येऊन उचलायचा. तोवर मी हात लावणार नाही आणि एझ्रालाही लावू देणार नाही.

चौकटीवर विनीची खूण केलीय, दहा वर्षांची. मधली चार वर्षं कोरी आहेत, ती कोरीच राहू देत.

आणि जाताना गाडीत पेटी ठेवताना तू झाकणाच्या खिट्ट्या लावल्यास, एक, मग दुसरी, मग पुन्हा दोन्ही चाचपून पाहिल्यास, आणि माझ्याकडे बघून हसलीस. चार वर्षांत मी तुझं हसू पाहिलं नव्हतं. गाडी वळणापार गेली तरी मी रस्त्यातच उभी होते.

कात टाकल्यावर साप जरा चपळ होतो. खिट्ट्या लावत जा.

ममा हॅटी